तहानलेले आजोबा

शिरवण्याच्या त्या इमारतीत एवढी गर्दी लोटली की लिफ्टने अंग टाकलं. कारणही तसंच होतं. चौथ्या मजल्यावर, मरून वर्ष झालेले रामचंद्र आजोबा त्यांच्या खोलीत रात्री ठेवलेल्या थाळीतलं पाणी रोज पिऊन जात होते म्हणे! खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्या बायकोच्या, चंद्राबाई आजीच्या कमरेला, तरी सकाळी थाळी कोरडी.

"पितृतृषा!" तृषानंद महाराजांनी डोळे फिरवले. "थाळी पसरटच हवी. पाणी तळ झाकण्यापुरतं. आणि पंखा फुल्ल, आत्म्याला उकाडा सोसत नाही." जानेवारीत पंखा! पण विचारतो कोण? सगळ्यांनी हात जोडले.

पूर्वीने नाही जोडले. आजीचा नातू धनेश याच्याशी तिचं लग्न ठरलेलं, हळद तोंडावर आलेली, आणि महाराजांनी फर्मान सोडलेलं, "ही मुलगी घरात आली, तर आजोबा पाण्यावर थांबणार नाहीत. लग्न मोडा." धनेश मान खाली घालून उभा होता. पूर्वीला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याला गमवायची भीती त्याहून जास्त वाटली.

"आजी, आज दोन भांडी ठेवू," ती म्हणाली. "ही थाळी, आणि झाकण घट्ट लावलेली एक बाटली. दोन्हींत मिठाचं पाणी."

"आत्मा झाकण उघडत नसतो!" महाराज कडाडले.

"बंद दारातून येतो ना महाराज? मग झाकणाचं काय टेन्शन?"

गर्दीत खसखस पिकली. आजीने स्वतः मीठ कालवलं आणि कुलूप लावलं.

सकाळी बाटली काठोकाठ भरलेली. थाळी कोरडी, तळाला पांढरा थर. आजीने बोट लावून चाखलं.

"मीठ! अगो, हे तर आपलं मिठागर हाय! खाडीचं पानी पसरायचं, वारा लागला का पानी जातं नि मीठ ऱ्हातं. जल्म गेला आमचा त्यात, नि फ्लॅटमंदी आल्यावर इसरलो?"

"पाणी उडायला उकळावं लागत नाही," पूर्वी म्हणाली. "साध्या हवेतही वरच्या थरातले कण सुटत राहतात. भांडं पसरट, वर पंखा, म्हणजे काम झटपट. झाकण लावलं की वाफ आतल्या आत."

"आत्म्याने मीठ गाळून…" महाराजांचं पुढचं हशात बुडालं. ते जिन्याने पळाले.

"हळद ठरल्या दिवशीच!" आजीने जाहीर केलं.

धनेश पुटपुटला, "सॉरी."

"सॉरी नको. पुढच्या वेळी मान खाली घालायच्या आधी फक्त विचार, हे कसं झालं?"

तुम्हीही विचारा. विचारल्याने कुणाचेही आजोबा रागावत नाहीत.