अडकलेलं दार

दारांचा कारखाना बंद झाला, तेव्हा पॉलिशवालीच्या घरातल्या दोन्ही नोकऱ्या एकाच दुपारी गेल्या. ती पॉलिशवर होती, नवरा मोठ्या करवतीवर. फोरमनने सगळ्यांना गोळा करून मालकाचा निरोप सांगितला. नोकरी त्याचीही गेली होती.

नवऱ्याने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसतं भिंतीकडे तोंड. जाऊबाई समजावून गेल्या, भाऊ रागावून गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात शेजारच्या आजी न्हाणीघरात अडकल्या. दार फुगून घट्ट बसलं होतं. पॉलिशवालीने धावत जाऊन खांद्याने ते उघडलं, आजींना खुर्चीवर बसवलं आणि नवऱ्याचा रंधा आणून दाराची कड तासायला घेतली. रंधा तिने जन्मात चालवला नव्हता. लाकडाचे टवके उडायला लागले. तो आवाज भिंतीपलीकडे गेला आणि थोड्याच वेळात नवरा अनवाणीच येऊन उभा राहिला.

"अगं, लाकडाची रेषा बघ आधी. उलटा मारतेयस."

"मग या ना इकडे. मला कुठे येतंय?"

तो आला. त्याने कड तासली, तिने घासून पॉलिश केलं. आजींनी दार पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं. मग कुणाची खिडकी आली, कुणाचं कपाट. दोघांना काम आवरेना, तेव्हा ती फोरमनच्या घरी गेली. कारखान्यातल्या सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतं, हे तिला सलत होतं. पण एकाला तरी होतं.

कामाला याल का, असं तिने फोरमनला विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे आता तुमच्या हाताखाली?"

"हाताखाली कशाला, भाऊ? हाताशी या."

त्याच्या बायकोने आतूनच सांगितलं की ते उद्या येतील.

तो आला, तोही ठरलेल्या वेळेआधी. आठवड्याभरात एका दवाखान्याने नवं दार सांगितलं. फोरमनने मापं घेतली, नवऱ्याने फळ्या कापल्या. पॉलिशचा पहिला हात वाळतोय तोवर फोरमन सवयीने म्हणाला, "कोपरा राहिलाय."

पॉलिशवालीने फडकं त्याच्या हातात दिलं. नवरा खो खो हसला, आणि फोरमन मुकाट्याने कोपरा पॉलिश करायला बसला.