परत आलेला माल

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आजवर ज्याला ज्याला सांगितली तो मधेच उठून गेला. एक गृहस्थ तर रागाच्या भरात दुसऱ्याच्याच चपला घालून गेले. तेव्हा ज्याला उठायचं असेल त्याने आत्ताच उठावं. कोणी उठत नाही? मग ऐका, आणि उगाच खोकू नका.

एक टोपवाले होते. केसांचे टोप करायचे. टकलावर चढवला की माणूस लग्नाच्या वयाचा दिसावा, असले. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची, आकडीच्या सुईने एक केस ओढायचा, गाठ मारायची, मग दुसरा केस. कपाळाकडची ओळ तर ते श्वास रोखून भरायचे. हात इतका साफ, की त्यांचा टोप घालून घरी गेलेल्या एका गिऱ्हाइकाला त्याच्या बायकोने दारातूनच वाटेला लावलं. "हे घरी नाहीत, संध्याकाळी या," म्हणाली.

पण टक्कल झाकायला निघालेला माणूस भर रस्त्यावरच्या दुकानात शिरायला लाजतो. म्हणून ऑनलाइन बाजार निघाला तेव्हा टोपवाल्यांना वाटलं, आता आपले दिवस पालटले. गिऱ्हाइकाने घराचं दार लावून टेपने डोकं मोजावं, माप कळवावं, टोप खोक्यातून घरपोच. कुणाला पत्ता लागायचं कारण नाही.

दिवस पालटले खरे. फक्त त्या बाजाराचा एक नियम होता: वस्तू पसंत नसेल तर परत, आणि का म्हणून विचारायचं नाही. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की खोकेवाला दारात, पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात आणि माल टोपवाल्यांच्या गळ्यात.

लोकांना तेवढंच हवं होतं. कोणी मुलाखतीला टोप घालून जायचा आणि नोकरी लागली की परत. कोणी पुतणीच्या लग्नात मिरवायचा आणि परत. वर कारणं काय, तर 'रंग फोटोतल्यासारखा नाही', 'डोकं गरम होतं', 'वाटलं तेवढा तरुण दिसलो नाही'. एका टोपात तर कोंडा निघाला. टोपवाल्यांनी तो बायकोला दाखवला.

"अगं, टोपाला कधी कोंडा होतो का?"

"झटका आणि ठेवा," बायको म्हणाली. "माणसाला होतो तसा टोपालाही होत असेल. त्याला काय कमी त्रास आहे?"

पुढे पुढे टोपही परत येईना. बाजाराच्या गोदामात परतीचं खोकं उघडतच नसत. तराजूवर ठेवायचं, वजन भरलं की 'उत्तम स्थितीत' असा शिक्का मारायचा आणि द्यायचं पाठवून. हे बाहेर फुटल्यावर एका बहाद्दराने टोप ठेवून घेतला आणि खोक्यातून पायपुसणं पाठवलं. दुसऱ्याने झाडू पाठवला, दांडा कापून.

"यात न पटण्यासारखं काय आहे, आजोबा?" पायरीवर बसलेल्या मेणबत्तीवाल्या बाई मधेच म्हणाल्या. त्या घरी मेणबत्त्या ओततात आणि त्याच बाजारात विकतात. "मला मेणबत्त्यांच्या जागी गाजरं आली होती. सोललेली."

ऐकलंत? तर टोपवाल्यांनी मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी गाणं वाजलं. गाणं पाठ झालं, तेव्हा कुठे एक गोड आवाज आला.

"बोला सर, काय मदत करू?"

"अहो बाई, टोपाच्या जागी पायपुसणं आलंय!"

"वजन बरोबर आहे ना सर?"

"वजन बरोबर आहे हो, पण ते पायपुसणं आहे!"

"सर, आमचे ग्राहक समाधानी नव्हते."

"मी तरी कुठे समाधानी आहे?"

"तुम्ही ग्राहक नाही, सर." एवढं बोलून आवाज आणखी गोड झाला. "आणि सर, तुमचा माल फार परत येतो. आणखी एक टोप परत आला, तुम्ही त्याच्या पोचीवर सही केलीत, की तुमचं दुकान आमच्या बाजारातून काढून टाकण्यात येईल. आपला दिवस आनंदात जावो."

टोपवाल्यांनी फोन ठेवला. दुकान गेलं तर पुढे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढे होता मेहुणा.

मेहुण्याचं गाद्यांचं दुकान होतं, आणि कितीतरी दिवस त्याचा दाजींवर डोळा होता. "दाजी, किती दिवस केस उपटत बसणार? माझ्याकडे या. काचेमागे गादी टाकलीये, तिच्यावर पडून राहायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे, माणूस कसा ढाराढूर झोपलाय. काम काही नाही, फक्त घोरायचं." त्याने दाजींच्या मापाचा पायजमाही शिवून घेतला होता, छातीवर दुकानाचं नाव असलेला सदरा होता तो वेगळाच. ज्या माणसाने जन्मभर केसाला केस जोडला, त्याने आता भर रस्त्यावर आ वासून झोपायचं!

अशात एक मागणी आली. डोकं भलतंच मोठं. टेप पुरला नसेल, दोरी लावून मोजलं असेल. टोपवाल्यांनी मनाशी ठरवलं, हा टोप परत येता कामा नये. असा करायचा की घालणाऱ्याला काढावासा वाटू नये. आणि ते जे बसले ते उठायलाच तयार नाहीत.

"अहो, दोन घास खाऊन तरी घ्या," बायको म्हणायची.

"आत्ता नको, कपाळावर आहे."

"आता तरी उठा."

"थांब, कानामागे पोचू दे."

टोप तयार झाला तेव्हा बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि नकळत म्हणाली, "बसा ना, पाणी आणू?" इतका तो जिवंत झाला होता.

आता तो मागवला कुणी, हे टोपवाल्यांना माहीत नव्हतं. मागवला होता त्या बाजाराच्या मोठ्या साहेबांनीच, बायकोच्या नावावर. वर्षाच्या मोठ्या सभेत त्यांचा फोटो निघायचा होता. फोटोपुरते केस हवे होते. ते कशाला विकत घ्यायचे? नियम त्यांचाच होता. साहेबांनी टोप चढवला, भाषण ठोकलं, फोटो काढून घेतला आणि गाडीत बसताबसता बटण दाबून टाकलं: परत. कारण, 'रंग फोटोतल्यासारखा नाही'. मग टोप काढायला हात घातला.

टोप निघेना.

झालं असं, की टोप इतका हुबेहूब होता की साहेबांचं डोकंच फसलं. त्याला वाटलं, जुने केस घरी आले. बिचारं किती वर्षं वाट बघत होतं! त्याने आनंदाच्या भरात त्यांना मुळं देऊन टाकली. साहेबांनी ओढलं, घरी आल्यावर साहेबांच्या बायकोने ओढलं, ड्रायव्हरने पाय टेकून ओढलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण एक केस हलला नाही.

परत पाठवणं रद्द करावं म्हटलं, तर रद्द करायची सोय नव्हती. ती त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. ग्राहकाचं मन वळवायला जाणं हा ग्राहकाचा अपमान, असं त्यांचं मत. तोवर खोकेवाला दारात.

"माल द्या, साहेब."

"अरे, माल डोक्यावरून निघत नाहीये!"

"का ते विचारायची मला मनाई आहे. वस्तू असेल त्या स्थितीत उचलायची."

"मी तुझा मालक आहे, गाढवा!"

"सगळे तेच सांगतात," खोकेवाला म्हणाला, आणि त्याने गाडीतून फ्रिजचं रिकामं खोकं काढलं.

गोदामात तराजूचा काटा गरागरा फिरला. तराजूवाल्याने नियम बघितला. वजन कमी भरलं तर चौकशी, असं लिहिलं होतं. जास्त भरलं तर काय, ते कुणी लिहिलंच नव्हतं. आतून ओरडल्याचा आवाज येत होता, पण आवाजाचा कॉलम नव्हता. त्याने 'उत्तम स्थितीत' असा शिक्का मारला.

इकडे टोपवाल्यांच्या घरी मेहुणा पायजमा घेऊनच येऊन बसला होता. टोप परत निघाल्याचा निरोप आला होता ना. खोकेवाल्याने ते धूड दारात आदळलं आणि पोचीचा कागद पुढे केला. "सही."

"आधी बघू तरी दे," टोपवाले म्हणाले. त्यांनी चिकटपट्टी कापली, आणि आतून दाट काळ्याभोर केसांचा एक गृहस्थ घामाने निथळत उभा राहिला.

सगळ्यांत आधी टोपवाल्यांनी कपाळाची ओळ बघितली. शिवण कुठे दिसत नव्हती. त्यांना एवढ्या संकटातही बरं वाटलं.

"यांना ठेवायचं कुठे?" बायकोने विचारलं. "पायपुसणं आलं ते दारात टाकलं, झाडू आला तो वापरला. हे काय कामाचं आहे?"

"बाई, मी त्या बाजाराचा मालक आहे!"

"असाल. पण परत आलेला माल विक्रेत्याचा, असा तुमचाच नियम आहे. भांडी घासता येतात का?"

"सही," खोकेवाला म्हणाला.

"सही करू नका!" साहेब ओरडले. "नाकारा हा माल!"

"नाकारायची सोय नाही, साहेब," टोपवाले म्हणाले. "का नाही, ते तुम्हीच सांगा."

साहेबांनी तावातावाने मदतीचा नंबर फिरवला. गाणं वाजलं. एकदा वाजलं, पुन्हा वाजलं. साहेब खोक्यातच बसले. शेवटी गोड आवाज आला.

"बोला सर, आपण ग्राहक की विक्रेता?"

"मी मालक आहे, मालक!"

"तो पर्याय नाही, सर."

"मग मी... मी माल आहे! मला परत पाठवलंय! चुकून!"

"वजन बरोबर आहे ना सर?"

साहेबांच्या हातून फोन गळून पडला. मेहुण्याने पायजमा हळूच त्यांच्या खांद्याला लावून माप बघितलं. तो मुळात व्यापारी माणूस.

टोपवाल्यांना मात्र दया आली. त्यांनी पाणी दिलं, कंगवा आणला आणि साहेबांच्या विस्कटलेल्या केसांतून फिरवला. "भांग कुठे पाडू?" त्यांनी विचारलं. कंगवा फिरत होता आणि साहेब भिंतीकडे बघत होते. भिंतीला सगळा परत आलेला माल रचून ठेवलेला: पायपुसणी, फाटकी स्वेटरं, एक उशी, आणि प्रत्येकावर शिक्का, 'उत्तम स्थितीत'.

"हे सगळं तुम्ही मुकाट्याने घेतलंत?" साहेबांनी विचारलं.

"मुकाट्याने कुठे? बोललो की. ऐकलं कुणी नाही."

साहेबांनी खोकेवाल्याकडून पोचीचा कागद मागून घेतला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर लिहिलं, 'ग्राहकाने वस्तू ठेवून घेतली', आणि तो खोकेवाल्याच्या हातात दिला. टोप परत आलाच नाही, म्हणजे टोपवाल्यांचं दुकान राहिलं. आणि तिथेच, खोक्याच्या कडेवर कागद टेकवून, त्यांनी नवा नियम लिहिला: परतीचं खोकं उघडून बघायचं, विक्रेत्याला दाखवायचं, त्याचं म्हणणं माणसाने ऐकायचं, आणि वापरलेला माल वापरणाऱ्याच्याच गळ्यात. मेहुण्याने निमूटपणे पायजम्याची घडी घातली. साहेब केस सावरत घरी गेले. त्यांना म्हणे आजही महिन्याला न्हाव्याकडे जावं लागतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? टोपवाल्यांचा फोन वाजला. मदतीच्या नंबरावरून, आपणहून! गाणं नाही, बिणं नाही. गोड आवाज म्हणाला, "सर, चूक आमची होती. माफ करा. आजवर बुडालेले तुमचे सगळे पैसे..."

"थांबा, थांबा!" मेणबत्तीवाल्या बाई ताडकन पायरीवरून उठल्या. "खोक्यातून माणूस आला, मानलं. टोपाला मुळं फुटली, तेही मानलं. पण त्यांनी आपणहून फोन केला, आणि चूक आमची म्हणाले? आजोबा, थापा मारायलासुद्धा काही हद्द असते!"