कडब्याच्या भिंतीमागची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेशन वॅगन आहे आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की गहिवरूनच बोलतात, अशी तुमची समजूत असेल. गहिवर मलाही येतो. पण आधी राग येतो.

माझा जन्म विलायतेतला. पुढं लांब बॉनेट, मागं ऐसपैस जागा, वर उघडणारं मागचं दार आणि खिडक्यांना लाकडी चौकट. परभणीजवळच्या झरीच्या पलीकडच्या एका गावातल्या मोठ्या शेतकऱ्यानं मला हैदराबादेत पसंत केलं आणि घरी आणलं. गावानं एकदा डोळे भरून पाहून घेतलं आणि माझं नाव 'लांबडी' ठेवलं. वालूरचा बाजार असो, जिंतूरची सोयरीक असो की परभणीचा दवाखाना, लांबडीच निघायची. अडलेल्या बायकांना मीच पोचवायची. एक पोरगं तर माझ्या मागच्या सीटवरच जन्माला आलं, आणि मोठं झाल्यावर त्यानंच दगड मारून माझा आरसा फोडला.

त्या शेतकऱ्यानंतर त्यांचे चिरंजीव व्यंकटराव माझे मालक झाले. मालकी कागदावर त्यांची, पण मी होते भुजंगची. भुजंग माझा ड्रायव्हर. मी त्याला एकेरीत बोलते, कारण जवळच्या माणसाला एकेरीतच बोलतात. गावाबाहेरच्या दलित वस्तीत त्याचं घर होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी तो माझ्याखाली पोतं अंथरून उताणा पडायचा आणि इंजिनातून काढलेलं काळं ऑइल फडक्यानं माझ्या पोटाला चोळायचा. दारांच्या खालच्या भोकांत काडी घालून अडकलेला चिखल काढायचा.

"वरचा रंग लोकायसाठी असतो, खालचं ऑइल गाडीसाठी," असं तो बायकोला सांगायचा.

"मंग थोडं आपल्या घराच्या पत्र्यालाबी लावा की," सुलाबाई म्हणायची. दोघं हसायची. त्याच्या हातात मी असेपर्यंत गंजाचा एक ठिपका माझ्या अंगावर आला नाही.

मग अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा आला. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्यावरून मराठवाडा पेटला. रस्त्यात एसटी गाड्या जाळल्या जात होत्या. व्यंकटरावांचा जीव माझ्यात अडकला. त्यांनी भुजंगला बोलावलं आणि म्हणाले, "लांबडीला गोठ्यात घाल. म्होरं कडबा रच. कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

भुजंगनं मला गोठ्याच्या पार टोकाला नेऊन उभं केलं आणि माझ्यासमोर कडब्याच्या पेंढ्या एकावर एक रचल्या. शेवटची पेंढी ठेवण्याआधी त्यानं माझ्या बॉनेटवर थाप मारली. "चार दिस दम धर," म्हणाला.

दोनच दिवसांनी त्याची वस्ती जाळली. पेटवणारे बाहेरचे होते, असं गावानं नंतर सांगितलं. गाव असंच सांगतं. मी काही पाहिलं नाही, मी कडब्यामागं होते. पण धूर कोणत्या बाजूनं येतोय ते मला कळत होतं. मागून ऐकलं, भुजंगनं पेटलेलं दार नुसत्या हातांनी ओढून काढलं आणि आतल्या आईला बाहेर आणलं. म्हातारी वाचली. त्याचे हात होरपळले.

सकाळी सुलाबाई आमच्या दारात उभी राहिलेली मला कडब्याच्या फटीतून दिसली. तिच्यामागं बैलगाडी होती आणि बैलगाडीत भुजंग होता. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"मालक, लांबडी द्या," ती म्हणाली. "ह्येंचे हात लय भाजलेत. परभणीला न्यायचंय. बैलं कधी पोचायची?"

व्यंकटराव ओसरीवर उभे होते. त्यांची बायको कस्तुराबाई दाराच्या चौकटीला धरून मागं उभी होती. व्यंकटरावांनी आधी आजूबाजूच्या घरांकडं पाहिलं. कोण कोण बघतंय ते पाहिलं. मग म्हणाले, "गाडी न्हाई हितं. जिंतूरला गेलीय, दुरुस्तीला."

"कोणी नेली, मालक?" सुलाबाईनं विचारलं. "चालवणारा तर ह्या बैलगाडीत पडलाय."

सुलाबाईनं गोठ्याकडं, कडब्याच्या त्या भिंतीकडं पाहिलं. ती भिंत कोणी रचली हे तिला ठाऊक होतं. तिनं बैल हाकले. चाकांची करकर दूर जाईपर्यंत मी ऐकत राहिले.

मित्रांनो, माझ्या टाकीत पेट्रोल होतं. चारही चाकांत हवा होती. मी तासाभरात त्याला दवाखान्यात पोचवलं असतं. बैलगाडीला चिखलातून पोचायला दिवस मावळला, आणि तोवर उशीर झाला होता. व्यंकटरावांना भीती वाटत होती, हे मला कळतं. त्या लोकांना गाडीतून नेलं तर उद्या आपल्या दारात काय होईल, ही भीती खरी होती. पण भीती सुलाबाईलाही होती, आणि तरी ती जळालेल्या माणसाला घेऊन गावाच्या मधून चालत आली होती.

महिन्याभरात सगळीकडं निवळलं. भुजंगचं बिऱ्हाड मात्र परत गावात आलं नाही. ते परभणीतच राहिलं. कस्तुराबाई नवऱ्याला म्हणाली, "आता तरी गाडी काढा बाहेर."

"आता काढली तर लोक काय म्हणतील?" व्यंकटराव म्हणाले. "जिंतूरला गेलेली गाडी कडब्यातून कशी निघाली, म्हणतील."

म्हणून मी तिथंच राहिले. एका खोट्याला राखण म्हणून मला उभं केलं. गावाला सांगितलं की लांबडी जिंतूरला विकून टाकली. दरवर्षी ज्वारी निघाली की माझ्यासमोर नवा कडबा रचला जायचा. पावसाळ्याच्या तोंडाला कडबा संपत यायचा आणि माझं एक टोक बाहेर दिसायचं. पोरं फटीतून डोकावून हसायची. मोठी माणसं न पाहिल्यासारखं करून पुढं जायची. अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव गप्प होतं. व्यंकटरावांनी एक जीप घेतली, ती अंगणात मिरवत उभी राहायची.

इकडं माझी काय दशा झाली ते ऐका. गोठ्याला उतार माझ्याच बाजूला होता. जनावरांचं मूत वाहत येऊन माझ्या चाकांखाली साचायचं. वरून ओला कडबा, खालून ओल. आधी दारांखालचे पत्रे फुगले. मग रंगाचे पापुद्रे सुटले. मग पायाखालच्या पत्र्याला भोकं पडली आणि त्यातून उंदीर वर आले. त्यांनी सीटमधला काथ्या ओढून घरटी बांधली. लाकडी चौकट वाळवीनं खाल्ली. एक कोंबडी माझ्या पुढच्या सीटवर अंडी घालायची. ज्या सीटवर भुजंग बसायचा, तिथं. भुजंग असता तर दोन हातांत दोन फडकी घेऊन आला असता, असं सारखं मनात यायचं. मग आठवायचं, की ते हात आता कामाचे राहिले नाहीत.

पुढं चौऱ्याण्णव साल उजाडलं. संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचं काम अखेर पार पडलं. त्याच उन्हाळ्यात व्यंकटरावांच्या नातीचं, विमलचं लग्न ठरलं. तिचे वडील, म्हणजे व्यंकटरावांचे चिरंजीव किशनराव, एका लग्नात जुनी मोटार फुलांनी सजवलेली पाहून आले होते. आल्या आल्या त्यांनी कडबा उपसला. सोळा वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं.

आणि किशनराव जमलेल्या लोकांना काय म्हणाले? "अण्णांनी जपून ठेवली व्हती."

जपून. ह्या शब्दानं माझं उरलंसुरलं लोखंड तापलं. मला तोंड असतं तर त्या दिवशी तिथंच बोलले असते.

परभणीहून सूर्यभान नावाचा मिस्त्री आला. पत्रा ठोकण्याचं, जोडण्याचं काम करणारा. त्यानं दाराखाली हातोडी हलकीच मारली. हातोडी आत गेली आणि भोकातून भुसा सांडला.

"लांबी भर, रंग मार," किशनराव म्हणाले. "लग्नापुरती दिसली म्हंजे झालं."

सूर्यभाननं मान डोलावली. त्याचं काय जातंय? भोकांवर लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, थापायची, घासून गुळगुळीत करायची, वर हिरवा रंग मारायचा. असं काम तो रोजच करत होता. त्यानं डबा उघडलासुद्धा. तेवढ्यात कस्तुराबाई ओसरीवरून खाली उतरली. म्हातारी झाली होती, पण आवाज ठणठणीत होता.

"डबा बंद कर," ती म्हणाली. "सडलेलं सगळं कापून काढ. वरून लिंपायचं न्हाई. लिंपालिंपी ह्या घरात लय झाली."

"आई, येळ कुठाय?" किशनराव म्हणाले. "लग्न तोंडावर आलंय."

"गाडी पुरी झाल्याबगर आन् पहिली फेरी भुजंगच्या दारात गेल्याबगर मी मांडवात पाऊल ठेवणार न्हाई. फेरीत तुझे अण्णा पाहिजेत. खोटं त्येंनी सांगितलं, खरंबी त्येंनीच सांगायचं."

ओसरीवर व्यंकटराव बसले होते. त्यांनी पान लावायला घेतलं आणि लावतच राहिले.

मग मला कापलं. दुखलं का विचारू नका. सडकं अंग कापताना दुखत नाही, चांगल्यापर्यंत पोचल्यावर दुखतं. गॅसच्या जाळानं दारांखालचे पत्रे गेले, पायाखालचा सगळा पत्रा गेला, मागच्या चाकांवरच्या कमानी गेल्या. आतून कडब्याचा चुरा, शेणाची पूड, उंदरांची हाडं निघाली. अंगणात त्याचा ढीग झाला आणि कस्तुराबाई रोज त्या ढिगाकडं पाहून आत जायची. सूर्यभाननं लाकडाचे ठोकळे घडवून त्यांवर नवा पत्रा ठोकला, हातानं बाक दिला, तुकड्याला तुकडा जोडला. सुतारानं सागवानाची चौकट केली. वर गंज थोपवणारा तांबडा थर, त्यावर हिरवा रंग. माझं इंजिन सुरू झालं तेव्हा गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला निघाल्या.

पहिल्या फेरीच्या सकाळी कस्तुराबाई माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली. पुढचं दार उघडं ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"माझे गुडघे दुखायलेत," व्यंकटराव म्हणाले.

"सुलाबाई चिखलातून आली व्हती," कस्तुराबाई म्हणाली आणि बसून राहिली.

ऊन चढलं. ती उतरली नाही. शेजारी जमले, बायका जमल्या, कुणीतरी पाणी आणून दिलं तरी तिनं घेतलं नाही. अखेर व्यंकटराव काठी टेकत आले आणि पुढं बसले. पश्चात्तापानं आले असं मी म्हणणार नाही. लोक बघत होते म्हणून आले. लोक बघत होते म्हणूनच त्यांनी मला लपवलं होतं.

परभणीत रेल्वे रुळांच्या पलीकडं एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी किशनरावांनी मला उभं केलं. सुलाबाई दारात आली. तिचे केस पांढरे झाले होते. तिच्यामागून भुजंग आला. त्याच्या हातांची बोटं एकमेकांना चिकटून आत वळली होती. मित्रांनो, मी ते हात ओळखले नाहीत. भुजंग पुढं चालत आला तेव्हा त्याच्या चालीवरून मी त्याला ओळखलं.

व्यंकटराव उतरले. "विमलचं लगीन हाय," ते म्हणाले. "तुमी समद्यांनी यायचं."

"येवढ्यासाठी आलाव का, व्यंकटराव?" सुलाबाईनं विचारलं. पूर्वी ती मालक म्हणायची. आता ती नाव घेऊन बोलली, शांतपणे.

गल्लीतली माणसं दारांत आली. कस्तुराबाई गाडीतून उतरून व्यंकटरावांच्या बाजूला उभी राहिली, पण त्यांच्याऐवजी बोलली नाही. व्यंकटरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. घसा साफ केला.

"गाडी घरीच व्हती," ते म्हणाले.

"व्हय," भुजंग म्हणाला. "कडबा मीच रचला व्हता."

व्यंकटराव पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे राहिले. जाऊ द्या, झालं गेलं, असं काहीतरी. ते वाक्य कुणीच बोललं नाही. भुजंगही नाही, सुलाबाईही नाही. व्यंकटरावांची मान हळूहळू खाली गेली, ती वर आली नाही.

भुजंग माझ्याभोवती एक फेरी मारून आला. बॉनेटपाशी थांबून त्यानं वळलेल्या हाताची पाठ पत्र्यावर ठेवली. मग खाली बसला, वाकून माझ्या पोटाखाली पाहिलं आणि किशनरावांना म्हणाला, "खालून ऑइल लावलं न्हाई. पावसाच्या आधी लावा. न्हाई तर नवा पत्राबी जाईल."

"एक चक्कर बस की, भुजंग," कस्तुराबाई म्हणाली.

"नको, बाई," तो म्हणाला. "मला जायचं व्हतं तवा जायचं व्हतं."

मित्रांनो, लग्नात मला झेंडूच्या माळा घातल्या. सगळे म्हणाले, लांबडी नवी झाली. किशनराव आता पावसाळ्याआधी स्वतः माझ्याखाली पोतं अंथरून झोपतात आणि काळं ऑइल चोळतात. तुम्हीही तुमच्या घरातल्या लोखंडाला जपा, ओलीत ठेवू नका, वरून रंग मारून भोकं बुजवू नका. पण त्याहून मोठं मागणं हे आहे की दारात कुणी जळलेलं, अडलेलं माणूस आलं, तर आजूबाजूच्या घरांकडं पाहू नका. भीती वाटत असली तरी किल्ली द्या. माझं सडलेलं अंग कापून सूर्यभाननं नवं जोडलं. भुजंगला मात्र आजही पाण्याचा पेला दोन मनगटांच्या मध्ये धरून प्यावा लागतो.