मडक्यात आलेला जीव

माडबागेच्या चव्हाट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. होड्या किनाऱ्यावर आणि पर्यटक वाऱ्यावर सोडून तापाच्या साथीने धास्तावलेलं अख्खं गाव मडकेबाबाभोवती जमलं होतं. आंबोलीच्या धुक्यात बारा वर्षं तप केलेला हा बाबा. निदान तो तसं सांगे.

"बा तापासुरा, ह्या गावातसून पाय काढ रे म्हाराजा!" बाबाने गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

उपाय सोपा होता. मंतरलेल्या पाण्याचं मडकं परसात उघडं ठेवायचं, हलवायचं नाही, सांडायचं नाही. पाचव्या दिवशी पाण्यात जीव येतो आणि आठव्या दिवशी तो ताप गिळतो. आणि काय सांगावं, पाचव्या दिवशी घरोघरच्या मडक्यांत खरंच काहीतरी वळवळू लागलं! बायांनी हळद-कुंकू वाहिलं. सरपंच सत्यवान तर आपल्या मडक्याशी चार शब्द बोलूनही आला.

गावची आशा कार्यकर्ती सेलेस्तीन मात्र जळफळत होती. तिची अकरा वर्षांची रॉविना डेंग्यूने तालुक्याच्या दवाखान्यात पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताप मी उतरवतो. पण गावातले डास मी कसे मारू? हिला पुन्हा डेंग्यू झाला तर जिवावर बेतू शकतं." म्हणून ती पंचायतीत गेली, तर सत्यवान म्हणाला, "ताप हॉस्पिटलाचो, बाय. पंचायत काय इंजेक्शना मारतली?" थोडक्यात, दवाखाना आपलं काम करत होता आणि पंचायतीचं काम बाबाला मिळालं होतं.

सेलेस्तीनने भांडण केलं नाही. तिने पहिल्याच दिवशी बाबाकडून दोन मडकी मागून घेतली होती. एक उघडं ठेवलं, दुसऱ्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधला. उघड्या मडक्यातली वळवळ तिने पाचव्या दिवशी काचेच्या बरणीत भरली आणि तिलाही जाळी लावली.

आठव्या दिवशी बाबा हजर. "पाण्यात जीव इलो?"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या एका मडक्यात नाय इलो," सेलेस्तीन म्हणाली.

"अविश्वास!" बाबा कडाडला.

"अविश्वास नाय, मच्छरदाणी. देवाक जाळी आडवता काय हो?"

कुणीतरी फिसकन हसलं. सेलेस्तीनने बरणी वर धरली. आत पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे चार-पाच डास भिरभिरत होते. "बघा, तुमचो जीव उडाक लागलो! डासानी उघड्या पाण्यात अंडी घातली, त्येंचीच ही पोरां. मोठी झाली की तापवाल्याक चावतत आणि तोच ताप दुसऱ्याक देतत."

बाबाने उत्तरासाठी तोंड उघडलं, तोच त्याच्या मानेवर डास बसला. त्याने फाडकन चापटी मारली.

"अगो बाय! बाबान जीव मारल्यान!" गर्दीतली राधाबाई ओरडली आणि गावाची हसून हसून पुरेवाट झाली. बाबाने मोटारसायकल कधी गाठली ते कुणाला कळलंही नाही.

"सरपंचानू," सेलेस्तीन म्हणाली, "इलेलो ताप डॉक्टरान बघूचो. नवो येव नये म्हणून पंचायतीन बघूचा. माझा चेडू रॉविना रविवारी घरी येतला."

सत्यवानने मान खाली घातली आणि पहिलं स्वतःचं मडकं पालथं केलं. संध्याकाळपर्यंत टाक्या घासल्या गेल्या, करवंट्या आणि जुने टायर उचलले गेले.

वाचकहो, चमत्कार दिसला की आधी वाकून नीट बघा. हात जोडायला मागाहून कुणी अडवत नाही, पण आपल्या हलगर्जीपणाने लेकरू गेलं, तर ते कुठलाच बाबा परत देत नाही.