गळ्याला विसावा

“आवाज जाईल,” डॉक्टर म्हणाले.

“किती?” कडूबानं विचारलं. घसा बसलेला, त्यामुळं प्रश्न निम्माच बाहेर आला.

“सगळा, काका. गाठ स्वरयंत्रातच आहे, ते काढावं लागेल. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. पण आत्ता केलं तर जगाल.”

“अन् नाय केलं तर?”

“तर आवाजही जाईल आणि तुम्हीही.”

कडूबानं बायकोकडं पाहिलं. आवडाबाई भिंतीवरच्या तंबाखूविरोधी पोस्टरकडं बघत बसली होती. पोस्टरवरचा आजारी माणूस कडूबापेक्षा बरा दिसत होता. आपण जन्मात तंबाखू खाल्ली नाही, हे कडूबानं डॉक्टरांना सांगून झालं होतं. असंही होतं कधीकधी, असं डॉक्टर म्हणाले होते.

शहागंजात कडूबाचा पेरूचा गाडा होता. तो आठवडाभर पेरूसाठी ओरडायचा आणि रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये देवासाठी गायचा. पट्टी एकच. उपासनेत गीत त्यानंच उचलायचं अशी वहिवाट पडली होती. ती कुणी पाडली हे कुणाला आठवत नव्हतं, नाहीतर त्याला जाब विचारला असता. पहिली ओळ तो इतकी वर लावायचा, की मंडळी खालीच थांबायची आणि तो एकटा वर जाऊन परत यायचा. बाप्तिस्म्यात त्याचं नाव एलीया ठेवलं होतं. ते फक्त पाळकसाहेबांच्या लक्षात होतं, तेही नाताळात.

बुधवारी संध्याकाळी महिला मंडळ पाळकसाहेबांना घेऊन त्याच्या घरी प्रार्थनेला आलं. मंडळाच्या अध्यक्षा मनकर्णाबाई मटणाचा डबा घेऊन आल्या आणि दारातच रडायला लागल्या. अजून कुणी मेलं नव्हतं.

“कडूबा भाऊ, माफ करा आमाला.”

“काय झालं, मनकर्णाक्का?”

“आमीच मागितलं हे.”

“काय मागितलं?”

मनकर्णाबाईंनी पदरानं नाक पुसलं. “मंडळात. नाताळापासून. म्हणायचो, प्रभू, कडूबा भाऊच्या गळ्याला जरा विसावा दे.”

नीट ऐकू यावं म्हणून कडूबानं पंखा बंद केला.

“दर बुधवारी?” कडूबानं विचारलं.

“उपास धरून.”

कडूबा हसायला गेला, पण खोकलाच आला. तो थांबल्यावर म्हणाला, “ऐकलं म्हणायचं मग.”

“पर एवढा नवता हो मागितला!” मनकर्णाबाई कळवळल्या. “एखाददुसरा रविवार, बस्स!” मग त्या पाळकसाहेबांकडं वळल्या. “साहेब, मागितलेलं माघारी घ्यायची काही प्रार्थना असती का?”

पाळकसाहेब विचारात पडले. पाळक होण्यासाठी शिकले त्या सेमिनरीत हा विषय नव्हता. “बाई, देव असा कुणाच्या तक्रारीवरून आजार वाटत नाही,” ते म्हणाले. “आजार आला, कारण आजार येतात. तुमचा काही संबंध नाही.”

मनकर्णाबाईंना हे पूर्ण पटलं नाही. मंडळाच्या प्रार्थनेत दम नाही, असाही त्याचा अर्थ होत होता.

एवढ्यात कडूबा उठून उभा राहिला. “ऑपरेशन करायचं नाय,” तो म्हणाला. “ज्यानं गळा दिला त्योच बरा करील. माजा इस्वास हाय.”

“आमेन!” सगळ्या बायका म्हणाल्या. मनकर्णाबाईंचा आमेन सगळ्यांत मोठा होता. पाळकसाहेब मात्र कपातल्या सायीकडं बघत राहिले. आवडाबाई उठून मोरीत गेली.

मंडळी गेल्यावर ती भांडी आपटत म्हणाली, “तुमी भेता.”

“म्या इस्वास ठिवतो.”

“हात बघा तुमचे. कपबशी वाजतीय त्यात. इस्वासानं वाजती व्हय?”

कडूबानं बशी खाली ठेवली.

“लहान पोरगं पडद्यामागं लपतं अन् वरडतं, म्या हितं नाय,” आवडाबाई म्हणाली. “तसा तुमचा इस्वास. देवाचा पडदा केलाय तुमी. डॉक्टर काय सैतानानं धाडलाय का?”

“तुला काय कळतंय? भोकातून वारा घ्यायचा. बोलायचं नाय, गायचं नाय, गिऱ्हाईकाला हाळी नाय. म्या उरलो काय मग?”

“उरला तं खरं,” ती म्हणाली. “मला तेवढंच पायजे.” मग भांडी न वाजवता म्हणाली, “आमाला नका सांगू. देवाला तरी खरं सांगा. रोज एवढं वरडून त्याच्याशी बोलता, येकदा तरी भ्या वाटतंय म्हणलात का?”

दुसऱ्या दिवशी गाड्यावर कडूबाला हाळी देताच आली नाही. शेजारचा केळीवाला अन्वर दुपारी वैतागला. “भाई, तुम चिल्लाए नै तो मेरे केले भी नै बिके. गिऱ्हाईक को लगा बाजार बंद है.”

“जरा गाडा बघ,” कडूबा म्हणाला आणि सरळ छावणीत गेला.

चर्च रिकामं होतं. बाकांवर कबुतरांनी आपलं काम केलं होतं. कडूबा पुढच्या बाकाशी गुडघ्यावर बसला आणि सवयीनं सुरुवात केली: हे सर्वसमर्था, स्वर्गीय पित्या, तुझी थोरवी... पुढचे शब्द येईनात. ती प्रार्थना नेहमी मोठ्यानं म्हणायची होती. कुजबुजत म्हटली की ती दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

गुडघे दुखायला लागले. मग त्याच्या तोंडून निघालं, “देवा, मला लई भ्या वाटतंय.”

तो थांबला. या वाक्यावर देव नाराज होईल असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. कुणी नाराज झालं नाही. कबुतरसुद्धा जागचं हललं नाही.

त्याला क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रार्थना करणारा येशू आठवला. दर उत्तम शुक्रवारी ती गोष्ट ऐकताना कडूबाचं लक्ष पुढच्या गीताकडं असायचं, त्यामुळं ती नीट ऐकायची राहूनच गेली होती. येशूलाही मरण नको वाटलं होतं. त्याला घाम फुटला होता आणि त्यानं बापाला तसं सांगितलं होतं. जवळची माणसं झोपली होती. मग तो उठून मरणाकडं गेला होता. गेला तेव्हा भीती संपली होती असं काही कुणी वाचून दाखवलेलं कडूबाला आठवेना.

“मंग माज्यासंगट चल,” तो म्हणाला. “तुला वाट ठावी हाय.”

घरी येऊन तो आवडाबाईला म्हणाला, “डॉक्टरला म्हण, तारीख दे.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरच्या दाराशी त्याचं स्ट्रेचर थांबलं. “काय बोलायचं ते बोलून घ्या,” आवडाबाई म्हणाली.

कडूबानं आदल्या दिवशी बरंच ठरवलं होतं. तू लई केलंस माझ्यासाठी, असं म्हणायचं होतं. एक गीतही मनात होतं. पण तिच्या हातातल्या पिशवीकडं बघून तो म्हणाला, “डबा आणलास तर जेवून घे. गार भाकर तुला बाधती.”

“व्हय,” ती म्हणाली.

त्याचे हात कापत होते. त्यानं ते चादरीखाली घेतले नाहीत. तसेच पोटावर ठेवून तो आत गेला.

तो घरी आल्यानंतर पुन्हा एका बुधवारी मंडळी जमली. गोल बसायचं, डोळे मिटायचे, एकाचं आमेन झालं की शेजारच्यानं प्रार्थना सुरू करायची, अशी पद्धत. मनकर्णाबाईंनी प्रार्थना केली. या वेळी त्यांनी मोजकंच मागितलं. पाळकसाहेबांची झाली. आवडाबाईची दोन वाक्यांत उरकली.

पुढं कडूबा होता.

सगळे डोळे मिटून थांबले. त्याच्या गळ्यातून श्वासाची बारीक शिट्टी तेवढी येत होती. ती प्रार्थना होती की नुसता श्वास, हे कुणाला कळेना. संपली असं धरून पुढच्या बाईनं सुरुवात करावी, तर मध्येच तोडल्यासारखं होईल. नाही करावी, तर संपली हे कळणार कसं? कुणाची हिंमत होईना. बाहेर पाववाला घंटी वाजवत गेला. कपांतला चहा निवत होता. पाळकसाहेबांचा पाय झोपला, त्यांनी तो हलवला नाही.

शेवटी आवडाबाईनं एक डोळा किलकिला केला.

कडूबा ताठ बसला होता, हात मांडीवर उघडे. ओठ हलत होते, भराभरा, मधूनच थांबून, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखे.

तिनं डोळा पुन्हा मिटून घेतला.