कोरडी ठेवलेली बोट

साळूबाई बोटीच्या पोटात शिरली, गुडघे टेकले आणि फळ्यांच्या मधल्या फटीला डोळा लावला. पलीकडं गोठ्यातली म्हैस रवंथ करताना दिसली. दुसऱ्या फटीतनं आप्पासोची टोपी दिसली.

"वहिनी, मुंबई दिसाय लागली का न्हाई?" बाहेरनं आप्पासोनं विचारलं. हा तिच्या नवऱ्याचा, नाथाजीचा, चुलतभाऊ. बांधाला बांध लागून रान, आणि जिभेला हाड नाही.

"म्हैस दिसती भावजी," साळूबाई म्हणाली. "आन तुमचं त्वांड दिसतंय. कुठलं कुनाचं, तेवढं कळंना झालंय."

आप्पासो खदखदून हसला. खाली पोत्यावर बसून तांब्याचे खिळे निवडणारा नाथाजी मात्र हसला नाही. एरवी या दोघांची जुंपली की तो काम टाकून ऐकत बसायचा. साळूबाईनं फटीत नख घालून बघितलं. नख आत गेलं आणि पार पलीकडं निघालं.

"आवं, ह्या एवढ्या फटी कशानं पडल्या?"

"ऊन लय हाय औंदा," नाथाजी म्हणाला आणि खिळे परत पहिल्यापासनं निवडायला लागला.

बोट लाकडाची, शिडाची. पुढं दोन माणसं निजतील एवढी खोली. नाथाजी नेव्हीत वास्कोला होता तेव्हा एका म्हाताऱ्या मालकानं ती त्याला दिली होती. धोम धरणाचं पाणी घरापासनं हाकेच्या अंतरावर. त्यात शीड सोडायचं म्हणून त्यानं ती ट्रकवर घालून घाट चढवून आणली आणि त्याच आठवड्यात त्याची बदली झाली. पोरगा ऋषिराज तेव्हा दुसरीत होता. बोट गोठ्याशेजारच्या छपरात गेली. नाथाजी नेव्हीतनं सुटला, मग पोराच्या शिक्षणासाठी बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगांवर राहिला. दरवेळी निघताना एवढंच म्हणायचा, "तेवढी बोट जप."

साळूबाईनं ती जपली. तिचं माहेर जतकडचं, दुष्काळी. घरात जे काही टिकवायचं ते वाळवून टिकवायचं, हे तिला बाळपणापासनं ठाऊक. जोंधळ्याचं बी जपतात तशी तिनं बोट जपली. पावसाळ्यात छपराला एक थेंब गळू दिला नाही. किडा लागू नये म्हणून लिंबाच्या पाल्याची धुरी दिली. शिमगा सरला की छपराचे पत्रे बाजूला सारून बोटीला ऊन दाखवलं. गावातल्या बाया चिडवायच्या, "सवत लय लाडाची दिसती." ती म्हणायची, "सवत न्हाई गं. ही घरात हाय म्हणून त्यो परत येतोय."

आता तो कायमचा आला होता. दिवाळीपासनं बोटीलाच लागला होता. गंजलेले लोखंडी खिळे काढून तांब्याचे मारले. डोलकाठी खालच्या बाजूला बिजागरीवर बसवली, म्हणजे दोघांना पाडता-उभारता यावी. नवं शीड मागवलं, नवे दोर ओवले. खोलीच्या टपावर सोलरची पाटी, आत दिवा आणि एक लहान शेगडी बसवली. मागची बैठक वीतभर उंच केली.

"ही कशाला चढवलीसा?" साळूबाईनं विचारलं होतं.

"तुजं गुडघं," तो म्हणाला होता. "चार दिवस पाण्यावर ऱ्हायचं म्हंजे बसाय-उठाय नगं का?"

"या वयात? लोक शेण घालतील तोंडात," असं ती म्हणाली खरी. पण दुसऱ्याच दिवशी तिनं चटणीचा एक डबा वेगळा भरून ठेवला.

ऋषिराज सांगलीला विश्रामबागेत राहायचा. दर शनिवारी त्याचा फोन यायचा आणि दर शनिवारी तेच बोलणं व्हायचं.

"आबा, तुमची साठी उलटली. आईला पोहता येत नाही. मला इथं झोप लागत नाही."

पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याला त्यानं बोटीचे फोटो दाखवले होते. हॉटेलवाला हिरवळीवर बोट ठेवणार होता. माणसं तिच्यात बसून फोटो काढतील.

"छपरात पडून राहण्यापेक्षा चार लोक बघतील तरी," ऋषिराज म्हणाला.

नाथाजी म्हणाला, "तरंगली न्हाई तर घिऊन जा. रविवारी ये. माजी ना न्हाई."

तो रविवार आता आठवड्यावर आला होता.

दिवेलागणीला साळूबाई वैरणीची पेंढी घेऊन छपरामागं गेली. नाथाजी तिच्याकडं पाठ करून फोनवर बोलत होता. इंजिनाच्या आवाजात वर्षं गेलेली, कान मंद झालेले. त्यामुळं फोन मोठ्यानं चालू ठेवायची त्याला सवय. पलीकडं गोव्याचा म्हातारा मिस्त्री होता. या बोटीची फळी न फळी त्याला ठाऊक होती.

"नाथाजी, लाकडाची बोट पाण्यात राहायला हवी. बाहेर काढली तरी ओल हवी," मिस्त्री सांगत होता. "एवढी सुकवली कोणी? उन्हात घातली काय रे?"

"मीच," नाथाजी म्हणाला. "मीच घरी सांगून ठिवलं हुतं, ऊन दाखवत जावा म्हणून. माजी चूक हाय."

"बाबा, नेव्हीतला माणूस तू!"

"हाय खरा. कळलं न्हाई तवा."

साळूबाई पेंढी छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिली. त्यानं असं कधीच सांगितलं नव्हतं. तिला एकदम माहेरची बैलगाडी आठवली. उन्हाळ्यात चाकं खुळखुळी झाली की बाप ती ओढ्याच्या डबक्यात टाकून ठेवायचा. लाकूड पाणी प्यालं की आरे पुन्हा घट्ट व्हायचे. हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तरी इतक्या वर्षांत एकदा डोक्यात आलं नाही.

"फटी गच्च भरू नको," मिस्त्री म्हणत होता. "लाकूड फुगलं म्हणजे बरगड्या मोडतील. हलकी वात घाल कापसाची. आणि बुडव तिला. दगड घाल आणि बुडव. पिऊ दे पाणी. मिटल्या फटी तर मिटल्या."

"आन न्हाई मिटल्या तर?"

"तर मग जळाऊ लाकूड समज," मिस्त्री म्हणाला.

रात्री जेवताना साळूबाईनं विचारलं, "मिस्त्री काय म्हणला?"

"म्हणला, लाकूड जुनं हाय. जरा भिजवाय पायजे."

"आणि काय म्हणला?"

"आणि काय न्हाई."

तिनं त्याच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली. तो नको म्हणाला नाही. दोघंही खाली बघून जेवत राहिली.

सोलरची पाटी, दिवा, शेगडी आणि डोलकाठी उतरवून ठेवली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरनं बोट धरणाच्या कडेला नेली तेव्हा निम्मं गाव मागनं आलं. छातीएवढ्या पाण्यात बोट सोडली. चारी बाजूंनी पाणी आत घुसलं. मग नाथाजीनं काठावरचे धोंडे उचलून बोटीत ठेवायला सुरुवात केली.

"गड्या, लोकं बोट तरंगावी म्हणून नारळ फोडत्यात," आप्पासो ओरडला. "बुडावी म्हणून धोंडं घालनारा नेव्हीवाला तूच पयला!"

लोक हसले. साळूबाईनं पदर खोचला आणि पाण्यात उतरली. तीही धोंडे वाहायला लागली. नाथाजी ठेवायचा ते दणकन. ती प्रत्येक धोंडा दोन्ही हातांनी धरून फळीवर अलगद टेकवायची. पाणी काठाच्या वर गेलं. खोलीचा टप तेवढा उरला, मग तोही गेला. नाथाजी तोंड फिरवून काठावर जाऊन बसला.

त्या आठवड्यात तो घरी फक्त जेवायला यायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय नाथाजी, मासं धरताय व्हय?" तो मान डोलवायचा. साळूबाई रोज धारा काढून झाल्या की पाण्यात उतरायची आणि कुणाला दिसणार नाही असा पाण्याखाली हात घालून बोटीचं अंग चाचपायची. पहिल्या दिवशी तिचं नख सहज आत गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. पुढं कधीतरी ते अडायला लागलं. एके सकाळी एका फटीत ते शिरेचना. तिनं दुसरी शोधली, तिसरी शोधली. एक मात्र तशीच होती.

घरी येऊन तिनं नाथाजीला काही सांगितलं नाही. उगीच आशेला कशाला लावा.

रविवारी ऋषिराज आला. त्याच्यामागं हॉटेलचा ट्रक आला, दोन हमाल आणि एक ड्रायव्हर घेऊन. ड्रायव्हरनं पाण्याकडं बघितलं.

"बोट कुठाय?"

"बुडालीया," आप्पासो म्हणाला. "बसा. चहा घ्या."

एवढं बोलून आप्पासो आपल्या रानाकडं गेला, तो परत आला ते स्वतःचा डिझेलचा पंप छकड्यात घालून. कुणी सांगितलं नव्हतं.

"बघताय काय? पाइप धरा की," तो हमालांवर खेकसला.

धोंडे काढायला तास गेला. बोटीचा काठ पाण्यावर आला. पंप धडधडायला लागला. साळूबाई घागर घेऊन बोटीत चढली आणि पंपाला न पोचणारं कोपऱ्यातलं पाणी उपसून बाहेर फेकायला लागली.

"आई, तू बाहेर ये," ऋषिराज काठावरनं म्हणाला. "आबा, तिला बाहेर बोलवा ना. बोट परत खाली बसली तर?"

"तिला कोन बोलवनार?" नाथाजी म्हणाला. तो छातीएवढ्या पाण्यात बोटीचा दोर धरून उभा होता. दोराला ताण नव्हता, तरी मुठी आवळलेल्या होत्या.

पंप नुसती हवा ओढायला लागला. आप्पासोनं तो बंद केला आणि एकाएकी सगळीकडं शांत झालं. ऋषिराजनं बूट काढले, पँट दुमडली आणि घोट्याएवढ्या पाण्यात येऊन थांबला.

साळूबाई खाली बसली. दोन्ही तळवे फळ्यांवर टेकले. लाकूड गार होतं, जड होतं. आधी काहीच झालं नाही. मग बसलेली म्हैस उठताना आधी मागनं हलते, तसं काहीतरी तिच्याखाली हललं. तिनं बैठकीची कड धरली. बोट एका अंगाला कलली, सावरली, आणि हळूच वाऱ्याच्या बाजूला तोंड करून वळायला लागली. नाथाजीच्या हातातला दोर पाण्यातनं वर आला.

"अर्र!" आप्पासो एवढंच म्हणाला.

"मग ट्रक वळवू का मी?" ड्रायव्हरनं विचारलं. ऋषिराज त्याच्याकडं न बघता हातानंच थांब म्हणाला. तो बोटीतल्या आईकडं बघत होता.

नाथाजी दोर धरून पाण्यातनं बोटीजवळ आला. एक हात काठावर ठेवला.

"आत पाणी किती येतंय?"

साळूबाईनं वाकून बघितलं. एकाच फळीच्या सांध्याशी थेंब धरत होता. तो मोठा व्हायचा, घसरायचा, मागनं दुसरा यायचा. तळाशी ओंजळभर पाणी साचलं होतं. तिनं त्यात बोटं बुडवली.

"येतंय थोडं," ती म्हणाली. "येऊ द्या. लाकडाला तेवढं पायजेच की."

नाथाजी तिच्याकडं बघत राहिला. बोटीला कायम ओल लागते हे मिस्त्रीचं बोलणं त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. साळूबाईनं पदराचं टोक पिळलं, कपाळ पुसलं आणि एका अंगाला सरकून बसली, म्हणजे त्याला दुसऱ्या अंगानं चढता यावं.