अंगठ्याचा गंज

मंगळवारी सकाळी अकरा वाजता गिऱ्हाइकाकडून परत आलेली पेटी मीटिंगच्या टेबलावर उघडली गेली. हेमलता सबनीसने त्यातली पहिली रिंग हातात घेतली आणि तिला कळलं, हा गंज आपला आहे.

बेअरिंगची रिंग म्हणजे बांगडीएवढी पोलादी कडी, आरशासारखी घासलेली. तिला हातमोज्यांशिवाय उघडं बोट लावायचं नाही, हा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या त्यांच्या कारखान्यातला पहिला धडा. घामात मीठ असतं. बोट टेकलं, की वरून कितीही तेल चोपडा, पंधरा-वीस दिवसांत त्या जागी तांबूस ठसा उमटतो. हा धडा एकोणीस वर्षं शिकवत कोण आलं होतं? हेमलताच. नवीन माणूस आला, की त्याच्या देखत ती एका रिंगवर अंगठा दाबायची, ती रिंग तेल न लावता खिडकीत ठेवायची आणि आठवड्याने त्याला दाखवायची. ‘बघा, हा माझा अंगठा. तुमचा असा दिसला तर माझ्याशी गाठ आहे.’ सगळा विभाग तिला मागे ‘मोजेवाल्या मॅडम’ म्हणायचा, आणि ते ऐकून ती मनातून फुगायची.

त्या अंगठ्यावर लहानपणी विळीने कापल्याची एक तिरकी रेघ होती. पेटीतल्या बहुतेक रिंगांवरचे ठसे फिसकटलेले होते, पण या एकीवर अंगठा स्वच्छ उठला होता. तिरक्या रेघेसकट. हेमलताने रिंग उलटी करून टेबलावर ठेवली.

झालं होतं ते अगदीच फालतू कारणाने. गेलं वर्षभर तिच्या अंगातून वाफा निघत होत्या. पाळी जाण्याचं वय झालंच होतं, त्यात जगावेगळं काही नव्हतं. पण छाती धडधडायची, मानेपासून कपाळापर्यंत जाळ उठायचा, आणि वीस डिग्रीच्या एसी खोलीत तिच्या कोपरांवरून घाम ओघळायचा. तीन आठवड्यांपूर्वी एके दिवशी हातमोज्यांची एक जोड भिजली, मग दुसरी भिजली. तिसरी मागायला स्टोअरच्या राघोत्तमकडे जावं लागलं असतं, आणि राघोत्तमचा आवाज असा, की खिडकीशी बोललेलं पार्किंगमध्ये ऐकू यावं. ‘काय मॅडम, आज तिसरी जोड?’ एवढंच तो विचारणार होता. तेवढ्या एका प्रश्नाच्या भीतीने हेमलताने मोजे काढले आणि वीस मिनिटं उघड्या हातांनी रिंगा तपासल्या. मोजेवाल्या मॅडमनी!

कनकाचं तसं नव्हतं. कनका तिच्याच टेबलावरची, तिच्याहून चार वर्षांनी मोठी, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिची मराठी अशी, की पुण्याहून आलेल्या हेमलताला पहिले सहा महिने निम्मी कळली नव्हती. हात मात्र असा, की गेजला न सापडलेली खरखर तिच्या बोटाला मोज्यातूनही सापडायची. तिला वाफ आली, की ती लपवत बिपवत नसे. ‘अय्यो, आली बघ माझी पाहुणी!’ म्हणून जाहीर करायची, तपासणीच्या जाड कार्डाने वारा घ्यायची आणि राघोत्तमला हाक मारून नवी जोड मागवायची. दिवसाला सहा-सात जोड व्हायच्या. पुरुष माना खाली घालायचे, आणि हेमलताही त्यांच्यासोबत घालायची. कसली बाई ही, असं तिला वाटायचं. आपण निदान मर्यादेने राहतो.

आता पेटीसमोर सगळ्यांच्या माना कनकाकडे वळल्या.

‘स्टोअरमधून सगळ्यात जास्त मोजे यांनाच लागतात,’ राघोत्तम म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला जे ठाऊक होतं ते तो बोलला.

मॅनेजर विजयेंद्र पस्तिशीचा, सभ्य मुलगा. त्याच्या तोंडून तो शब्द काही निघेना. ‘म्हणजे कनका मॅडम, तुमची ती... तब्येत जी आहे...’ असं तो तमिळमध्ये पेनाच्या टोपणाशी बोलला.

‘माझं अंग तापतं, हे मीच तुम्हांला सांगत आले,’ कनका म्हणाली. ‘तापतं म्हणून तर मोजे बदलते. काढत नाही.’

मग विजयेंद्र हेमलताकडे वळला. ‘मॅडम, तुम्ही टेबलाच्या इन्चार्ज. यांना कधी मोजे काढताना पाहिलंत?’

‘नाही’ हा एकच शब्द पुरला असता. तोही खरा होता. पण ‘नाही’ म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार: मग कोणी काढले? ‘माझं तसं लक्ष नव्हतं,’ ती म्हणाली.

कनकाने पेटीत हात घालून दोन-तीन रिंगा पाहिल्या, मग हेमलताने उलटी ठेवलेली रिंग उचलली. ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि होती तशी उलटी ठेवून दिली. बुधवारपासून कनकाला धुण्याच्या विभागात पाठवायचं ठरलं. तिथे रिंगा जाळीत भरून टाकीत बुडवायच्या असतात, हाताची पारख लागत नाही. निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली होती.

हे सगळं चाललं असताना हेमलताच्या कुर्त्याखाली छातीला तारा चिकटवलेल्या होत्या. धडधड फार वाढली म्हणून पोरूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोमवारी संध्याकाळी चोवीस तासांचं यंत्र बसवलं होतं. ते हृदयाचा ठोका न् ठोका टिपून ठेवतं. सोबत एक कार्ड दिलं होतं: जेव्हा त्रास होईल तेव्हा वेळ लिहा आणि काय करत होता ते लिहा. यंत्राचं तिने घरी नवऱ्याला, गिरिधरलाही धड सांगितलं नव्हतं, बीपीचं काहीतरी आहे म्हणून उडवून लावलं होतं. कार्डावर प्रत्येक वाफेसमोर तिने एकच कारण लिहिलं होतं, ‘जिना चढले’. हे कार्ड डॉक्टरशिवाय कोणी वाचणार नव्हतं, तरी खरं लिहायला तिचा हात वळेना. मीटिंगच्या वेळेसमोर तिने काहीच लिहिलं नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कनका नेहमीसारखी तिच्या शेजारी बसली. रडली नाही, चिडली नाही. हेमलताला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं. बस हायवेला लागली आणि हेमलताच्या मानेवर जाळ चढला, रुमाल चिंब झाला. कनकाने पिशवीतून तपासणीचं ते जाड कार्ड काढलं आणि तिला वारा घालायला सुरुवात केली. एक शब्द न बोलता, चेंबरंबाक्कम गावापासून थेट हेमलताचा पोरूरचा थांबा येईपर्यंत. हेमलता खिडकीबाहेर बघत राहिली. देवा, किती बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच तिला शरम वाटत होती.

बुधवारी तिच्या टेबलावर तीनच माणसं होती. काचेपलीकडे रबरी ॲप्रन घातलेली कनका टाकीत जाळ्या बुडवत होती. तिथे वाफ आली तरी वारा घ्यायला हात मोकळा नसतो. तिने एकदा मनगटाने कपाळ पुसलं. हेमलताने त्या दिवशी एकही रिंग नीट तपासली नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढ्यात ठेवला. हृदयाला मोठा धोका काही नव्हता. त्या तमिळमध्ये सावकाश समजावून सांगत होत्या. चांगलं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमी-जास्त होत असतं, याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात. शरीर निवांत असलं, की हा सैलपणा वाढतो, ताण आला की घटतो. कागदावर जिथे रेघ बारीक झाली होती, तिथे त्यांनी पेन टेकवलं.

‘या तुमच्या वाफा. तेवढ्यापुरतं आवळलं जातं, मग दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा सुटतं. या वयात बऱ्याच बायकांत दिसतं. तुम्ही मात्र सातही वेळा लिहिलंय, जिना चढले.’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘तुमच्या कंपनीला मजले किती?’

‘एकच,’ हेमलता म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर हेमलतालाही हसून सुटता आलं असतं.

‘आणि हे काय आहे? मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटं. इथे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. पण इथे जे आवळलंय, ते पुढे सहा तास सुटलेलंच नाही. हे वाफेचं वाटत नाही मला. काही झालं होतं का?’

‘ऑफिसची मीटिंग होती.’

‘हं. आणि हे पाहा.’ पेन पुढे सरकलं, संध्याकाळी पावणेसहापाशी थांबलं. ‘अख्ख्या दिवसात इथे, फक्त इथे, तुम्हांला पंधरा-वीस मिनिटं खरा आराम मिळालेला दिसतो. वाफ आली आणि लगेच छान सुटली. काय करत होता? जे काही केलंत, ते रोज करत जा.’

जिला आपण सकाळी बुडवलं, तिच्याच हातचा वारा खात होतो, हे डॉक्टरला कसं सांगणार? कागदावर ते काळ्या रेघेत छापून आलं होतं. ती तिथेच, तपासायच्या खुर्चीत बसून रडली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि वाफांसाठी गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्याकडे त्या दुखण्याचंच औषध होतं.

गुरुवारी सकाळी हेमलताने विजयेंद्रला सांगितलं, मंगळवारी होते तेवढे सगळे बोलवा, पेटीही आणा. सगळे जमल्यावर तिने ती रिंग काढली, सरळ केली आणि शेजारी आपला अंगठा धरला.

‘हा माझा आहे,’ ती म्हणाली. आवाज कापत होता, तिने कापू दिला. ‘मला वर्षभर वाफा येताहेत, पाळी जायच्या. मोजे भिजले. तिसरी जोड मागायची मला लाज वाटली, म्हणून मी उघड्या हातांनी काम केलं. परवा तुम्ही विचारलंत, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. कनका मॅडमनी मोजे कधीच काढले नाहीत. मी गप्प बसले.’

राघोत्तमने प्रथमच हळू आवाजात बोलून दाखवलं, ‘मॅडम, दहा जोड मागितल्या असत्या तरी दिल्या असत्या की.’

‘हो,’ हेमलता म्हणाली. ‘एवढंच काम होतं.’

कनका रबरी ॲप्रनमध्येच उभी होती. दुपारपर्यंत कागद निघाले: कनका परत टेबलावर आणि टेबलाची इन्चार्ज, हेमलता तीन महिने धुण्याच्या विभागात. नवीन मुलांना धडाही आता कनकाच देणार होती. हेमलताने मुकाट्याने ॲप्रन बांधला.

संध्याकाळी बसमध्ये कनकाच्या शेजारच्या सीटवर तिची पिशवी होती. कनकाने ती उचलली नाही. हेमलता दांडीला धरून उभी राहिली. बस फाटकाबाहेर पडली, हायवेला लागली, तेव्हा कुठे कनकाने पिशवी मांडीवर घेतली.

‘बस.’

हेमलता बसली. ‘अक्का, मी तुमची...’

‘मंगळवारीच बघितलं मी,’ कनका खिडकीकडे बघत म्हणाली. ‘ती तिरकी रेघ. एकोणीस वरसं तुझ्या डब्यातलं तुझ्याच हातून घेऊन खाल्लं. तुझा अंगठा मला ठाऊक नाही कां?’

हेमलता तिच्याकडे वळली. ‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘तूं बोलशील म्हणून बसले. अस्के जण माझ्याकडं बघत होते, मी तुझ्याकडं बघत होते. बसमध्ये वारा घातला, तें काय प्रेमानं घातलं म्हणून समजलीस? आता बोलंल, आता बोलंल, म्हणून घालत होते. पोरूर आलं. तूं उतरून गेलीस.’

हेमलताच्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाईंचं पेन आलं, पावणेसहापाशी टेकलेलं. अख्ख्या दिवसातला तेवढाच आराम.

तेवढ्यात कनकाचा चेहरा लाल झाला, ओठांवर घामाचे थेंब आले. तिने पिशवीतून कार्ड काढलं आणि न बघताच हेमलताच्या मांडीवर टाकलं.

‘आली माझी. घाल.’

हेमलता वारा घालू लागली. पुढच्या सीटवरचे दोन पुरुष मागे वळून बघायला लागले, तिने त्यांना बघू दिलं. चेंबरंबाक्कम गेलं. कनकाचा घाम सुकला, चेहरा निवला, वाफ केव्हाच ओसरली होती. हेमलताचं मनगट भरून आलं, तिने हात बदलला. कनकाने डोळे मिटून घेतले होते, पण ती झोपलेली नव्हती. पोरूर येईपर्यंत ती ‘पुरे’ म्हणाली नाही.